भुताखेतांच्या मालिका: तुमची आवडती कोणती आणि पुन्हा पाहिल्यावर टिकली का?

उंबरठा (धागाकर्ता)
भुताखेतांच्या मालिकांवर इथे स्वतंत्र धागा आढळला नाही, म्हणून हा काढत आहे. प्रश्न साधाच आहे. तुमची सर्वांत आवडती मालिका कोणती, आणि मोठेपणी पुन्हा पाहिल्यावर ती टिकली का? प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण लहानपणी जिने बोबडी वळवली होती तीच मालिका पुन्हा पाहताना बहुधा मुखवट्याची शिवण तेवढी नजरेत भरते.

वादाला तोंड फुटावे म्हणून माझे मत आधीच नोंदवतो. या प्रकारात दोन घराणी आहेत. एका घराण्यात गोष्ट सांगणाऱ्या मालिका येतात, तर दुसऱ्यात मापकयंत्रे आणि अंधारात चालणारे कॅमेरे घेऊन झपाटलेल्या वास्तूंमध्ये शिरणारे 'तपासा'चे कार्यक्रम. पहिल्या मालिका आपण काल्पनिक असल्याचे कबूल करतात आणि तरीही घाबरवतात. दुसरे सत्याचा दावा करतात आणि मला तरी त्यांचे हसू येते.

माझी पसंती 'द ट्वायलाइट झोन'ला आहे. १९५९ ते १९६४ या काळात तिचे १५६ भाग झाले आणि त्यांतले ९२ भाग तिचे कर्ते रॉड सर्लिंग यांनी स्वतः लिहिले. १९६४ मधल्या 'नाइट कॉल' या भागात एका एकाकी वृद्धेला रात्री-अपरात्री फोन येऊ लागतात. आधी नुसती खरखर, मग कण्हणे, मग तुटक शब्द. वैतागून ती त्या आवाजाला पुन्हा फोन न करण्याविषयी दरडावते. पुढे तक्रारीवरून शोध घेतला जातो, तेव्हा वादळात तुटलेली तार दफनभूमीत पडलेली सापडते. ती कोणाच्या थडग्यावर पडली आहे, हे सांगून मी कोणाचा विरस करणार नाही. संपूर्ण भागात भूत एकदाही दिसत नाही आणि तरी तो आजही मला एकट्याने पाहवत नाही.

रानजाई
'नाइट कॉल'विषयी पूर्ण सहमत आहे, परंतु 'ट्वायलाइट झोन'ला भुतांची मालिका म्हणणे जरा ओढूनताणून वाटते. तिच्यात परग्रहवासी, कालप्रवास आणि अणुयुद्ध यांचाच भरणा अधिक आहे.

माझे उत्तर 'आहट'. बी. पी. सिंग यांनी १९९५ साली सोनी वाहिनीवर ती आणली. पुढे 'सीआयडी' करणारे तेच हे. पुन्हा पाहिल्यावर टिकली का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की शीर्षकसंगीत टिकले. ते सुरू झाले की आजही हात आपोआप रिमोटकडे जातो. त्यानंतर जे घडते ते मात्र जेमतेमच आहे.

घुबड
'आहट'च्याही आधी, १९९३ पासून, रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' होता. त्यात इतका धूर सोडलेला असे की भुतालाच नायिका सापडण्याची पंचाईत व्हावी.

पारवा
धागाकर्त्यांनी तपासाच्या कार्यक्रमांना एका वाक्यात निकालात काढले, हे मला पटले नाही. २००४ साली सुरू झालेल्या 'घोस्ट हंटर्स'चे उदाहरण घ्या. तिचे दोन प्रमुख, जेसन हॉव्ज आणि ग्रँट विल्सन, दिवसा प्लंबरचे काम करीत. त्यामुळे भिंतीतून ठोके ऐकू आले की हे गृहस्थ आधी पाण्याचा नळ तपासत, दार आपोआप मिटले की चौकटीचा उतार पाहत, आणि पुष्कळदा घरमालकाला 'यात काही नाही, एवढी दुरुस्ती करून घ्या' असे सांगून मोकळे होत. भुते पकडण्याच्या कार्यक्रमात भुते नाकारण्यातच निम्मा वेळ जातो, ही गोष्ट मला त्या वेळी फार नवी वाटली होती. पुढे या कार्यक्रमाच्या नकला निघाल्या आणि त्या नकलांनी नेमका तोच भाग गाळला, हे मान्य करतो.

शिवाय या कार्यक्रमांतून जुने तुरुंग, किल्ले, रुग्णालये आतून पाहायला मिळतात. भूत येवो न येवो, वास्तू तर दिसते.

वायरमन
पारवाजींचे प्लंबर मलाही आवडत, परंतु त्यांच्या हातातली यंत्रे हा माझ्या व्यवसायातला विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ज्या छोट्या पेटीवरचे दिवे हिरव्याचे तांबडे झाले की मंडळी कुजबुजू लागतात, तो विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर असतो. भिंतीतल्या वायरिंगजवळ किंवा उपकरणांपाशी क्षेत्र किती आहे, हे पाहण्यासाठी तो वापरतात. जवळ मोबाइल किंवा वॉकीटॉकी असला तरी त्याचे दिवे लागू शकतात, आणि चित्रीकरणाच्या चमूपाशी ही दोन्ही साधने असतातच. 'स्पिरिट बॉक्स' म्हणून जे दाखवतात तो रेडिओच असतो. तो एकामागून एक केंद्रांवरून भरभर सरकत राहतो आणि निरनिराळ्या निवेदकांच्या शब्दांचे तुकडे कानांवर पडतात. हवेत तरंगणारे तेजस्वी गोळे म्हणजे भिंगाच्या अगदी जवळ आलेले धूलिकण; कॅमेऱ्यालगतच्या अवरक्त दिव्याचा प्रकाश त्यांच्यावर पडून परत येतो. दिवे मालवायचे कारणही मला यातच दिसते, कारण उजेडात धूळ धूळच दिसते.

सर्वांत मजेदार प्रकार ध्वनिमुद्रणातल्या आवाजांचा. १९५९ साली फ्रीडरिख युर्गेनसन हे स्वीडनमधले गृहस्थ पक्ष्यांचे आवाज टिपत असताना त्यांना टेपवर माणसांचे बोल ऐकू आल्यासारखे वाटले, आणि तेव्हापासून हा नाद फोफावला. घरी एक प्रयोग करून पाहा. असा प्रसंग आला की पडद्याचा खालचा भाग हाताने झाका, म्हणजे अक्षरे दिसणार नाहीत. ऐकू येते ते 'खस्स-र्र-ऊ'. हात काढला आणि खाली 'निघून जा' असे लिहिलेले वाचले की त्याच खसखशीत 'निघून जा' स्वच्छ ऐकू येते. मेंदूला नमुना पुरवला की उरलेले काम तो स्वतःच करतो.

रानजाई
वायरमनजी, हा प्रयोग आताच करून पाहिला. तुम्ही माझी एक आवडती मालिका कायमची बिघडवली आहे, याची नोंद घ्यावी.

संथ वाहते
यात आणखी एक गंमत आहे. 'या भिंतींनी तो प्रसंग टिपून ठेवला आहे आणि तोच पुन्हा पुन्हा दिसतो' हे वाक्य तपासाच्या कार्यक्रमांत नेहमी ऐकू येते आणि त्याला शास्त्रीय उपपत्तीचा थाट दिला जातो. मृत्यूचे ठसे वास्तूत उरतात ही कल्पना जुनी आहे, परंतु 'स्टोन टेप' हे तिचे नाव बीबीसीच्या एका काल्पनिक नाट्यावरून पडले. नायजेल नील यांनी लिहिलेले 'द स्टोन टेप' १९७२ च्या नाताळात प्रक्षेपित झाले. ध्वनिमुद्रणाचे नवे माध्यम शोधणारे संशोधक एका जुन्या वास्तूत येतात, तिथे त्यांना एका स्त्रीची किंकाळी ऐकू येते, आणि दगडानेच ती मुद्रित करून ठेवली असावी या कल्पनेने भीती वाटण्याऐवजी त्यांच्या तोंडाला पाणी सुटते, कारण त्यांना हवे होते ते माध्यम आयते सापडलेले असते. मग ते यंत्रे लावून भिंतीची चौकशी करू लागतात आणि वरचा थर पुसला गेल्यावर त्याखाली जुने काय होते, ते बाहेर येते.

म्हणजे दुसऱ्या घराण्याने आपला सिद्धांत पहिल्या घराण्याकडून उसना घेतला आहे. आवडती म्हणून मी हीच सांगेन, जरी ती मालिका नसून दीड तासाचे एकच नाट्य आहे. चित्रे जुनाट वाटतात, परंतु आवाज जराही जुना झालेला नाही.

काजळरात्र
दोन घराण्यांची सीमारेषा पुसून टाकणारा कार्यक्रम कोणीच कसा आठवला नाही? 'घोस्टवॉच', बीबीसी वन, ३१ ऑक्टोबर १९९२.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर दिसते ते एका झपाटलेल्या घरातून होणारे थेट प्रक्षेपण. स्टुडिओत सूत्रधार म्हणून मायकेल पार्किन्सन हे ज्येष्ठ मुलाखतकार बसले आहेत, घरात सारा ग्रीन ही मुलांच्या कार्यक्रमांतून घरोघरी परिचित झालेली निवेदिका आहे, तर तिचा खऱ्या आयुष्यातला पती माइक स्मिथ फोन घेत आहे. बीबीसीचा नेहमीचा खरा दूरध्वनी क्रमांकही पडद्यावर दिसतो. प्रत्यक्षात हे सारे कित्येक महिने आधी चित्रित केलेले, स्टीफन व्होक यांनी लिहिलेले नाटक होते. लेखकाचे नाव सुरुवातीला दाखवले होते आणि फोन करणाऱ्याला हा कार्यक्रम काल्पनिक असल्याचा संदेश ऐकवण्याची सोयही होती, परंतु फोन इतके आले की अनेकांना तो संदेश ऐकण्यापूर्वी लाइनच मिळाली नाही.

भुताचे नाव पाइप्स. मुलींनी आवाजाबद्दल विचारले तेव्हा आईने 'पाइप वाजत आहेत' असे सांगितले, म्हणून ते नाव पडले. दिग्दर्शिका लेस्ली मॅनिंग यांची करामत अशी की पाइप्स अधूनमधून पडद्यावर दिसतो, परंतु कोणीही त्याच्याकडे बोट दाखवत नाही. मुलींच्या शयनगृहातली चित्रफीत दाखवताना तो खिडकीच्या पडद्याशी उभा असतो. सूत्रधार ती फीत मागे नेऊन पुन्हा लावतात, तेव्हा त्या खिडकीच्या पडद्याशी सावलीखेरीज काही नसते. पाहणाऱ्याला वाटते की आपल्याच डोळ्यांनी दगा दिला. शेवटाकडे स्टुडिओतल्या तज्ज्ञ बाईंच्या ध्यानात येते की लाखो लोकांनी एकाच वेळी पडद्याकडे टक लावल्यामुळे हा कार्यक्रमच प्रेतात्म्याला बोलावण्याची देशव्यापी बैठक ठरला आहे. दूरदर्शनच्या संचाखेरीज दुसऱ्या कोणत्याही माध्यमात ही युक्ती साधली नसती.

दुष्परिणामही झाले. १९९४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा कार्यक्रम पाहून मानसिक आघाताची लक्षणे दिसू लागलेल्या दोन दहा वर्षांच्या मुलांची माहिती प्रसिद्ध झाली होती. बीबीसीने तो पुन्हा प्रक्षेपित केला नाही.

पारवा
आणि दहा वर्षांनी, २००२ मध्ये, 'मोस्ट हॉन्टेड' हा कार्यक्रम नेमके हेच सारे गंभीर चेहऱ्याने करू लागला. त्याविरुद्ध तक्रारी गेल्या, तेव्हा २००५ साली ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने तो तपास नसून मनोरंजन असल्याचे म्हटले आणि नियमभंग झाला नसल्याचा निर्णय दिला. मी तपासाच्या कार्यक्रमांचा वकील असलो तरी हा निकाल वाचून हसलो होतो. सत्याचा दावा कोणी मनावर घेणार नाही, म्हणून तो दावा चालेल, असा त्याचा अर्थ होतो.

उंबरठा (धागाकर्ता)
काजळरात्र, प्रतिसाद आवडला. तरी एक शंका आहे. 'घोस्टवॉच'ची सारी ताकद ते खरे वाटण्यात असेल, तर काल्पनिक असल्याचे ठाऊक असलेल्या प्रेक्षकासाठी तीत काय उरते? मी तर हाच निकष लावत होतो.

काजळरात्र
पाइप्सला शोधणे उरते! ते ठाऊक असूनही माझी नजर निवेदिकेच्या चेहऱ्यावर ठरत नाही, ती सारखी तिच्या मागच्या काचेवर आणि जिन्याच्या कठड्यावर फिरत राहते. उलट प्रथम पाहताना हे निसटते.

मधुमालती
हीच युक्ती 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस'मध्ये माइक फ्लॅनगन यांनी २०१८ साली फार विस्ताराने वापरली. त्या घराच्या प्रसंगांत मागच्या दारात, पियानोखाली, जिन्याच्या सावलीत आकृत्या उभ्या केलेल्या आहेत आणि कॅमेरा त्यांच्यावरून न थांबता पुढे जातो. सहावा भाग तर मोजक्याच, अत्यंत दीर्घ चित्रणांत उलगडतो. शवपेटीभोवती भावंडे भांडत असतात, कॅमेरा एक फेरी पूर्ण करून परत येतो आणि तेवढ्यात मागे काहीतरी बदललेले असते.

मला ती भुतांपेक्षा त्या भावंडांमुळे आवडते. प्रत्येकाने एकच घर पाहिलेले असूनही प्रत्येकाची आठवण वेगळी आहे आणि मोठेपणी ती कोणाच्याच उपयोगाची नाही. शेवटचा भाग मात्र फारच गुळमट झाला आहे. इतके तास रक्त गोठवल्यावर लेखकाला एकाएकी सर्वांची दया का आली, हे कळत नाही.

तिसरी घंटा
शेवटाविषयी सहमत नाही. जे घर नऊ भाग माणसे गिळत होते त्याने दहाव्या भागात मिठी मारावी, यातच मला खरी भीती वाटते. तिथे राहणे सुखाचे वाटू लागते, आणि म्हणूनच तो शेवट गोड नाही. पुन्हा पाहावा.

पडद्यामागचा
पार्श्वभूमीतल्या भुतांवरून 'ट्विन पीक्स' आठवली. तीत बॉब नावाचे जे दुष्ट अस्तित्व आहे ते मूळ संहितेत नव्हतेच. पहिल्या भागाचे चित्रीकरण चालू असताना फ्रँक सिल्व्हा हे नेपथ्याचे काम करणारे गृहस्थ मृत मुलीच्या खोलीतले सामान हलवत होते. डेव्हिड लिंच यांना काहीतरी सुचले आणि त्यांनी सिल्व्हांना पलंगाच्या पायथ्याशी, गजांमागे दबा धरून बसवले व तेवढे टिपून ठेवले. पुढे त्या मुलीच्या आईच्या प्रसंगात ती दचकून किंचाळते, तेव्हा आरशात कोणीतरी दिसल्यामुळे चित्रण वाया गेल्याचे कॅमेरामनने सांगितले. आरशात कोण? तर सिल्व्हाच. लिंच यांनी ते चित्रण टाकून देण्याऐवजी ठेवले आणि बॉब जन्माला आला.

१९९० सालची ही मालिका मी भुतांच्या यादीत आग्रहाने घालेन. केस वाढलेला, जीन्सचे जाकीट घातलेला एक साधा मनुष्य दिवसाढवळ्या सोफ्यावरून ओलांडत कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, बस्स. रंगरंगोटी नाही, धूर नाही.

घुबड
रामसे बंधूंनी हा प्रतिसाद वाचला असता तर धुराचे यंत्र विकून आरसा घेतला असता.

संथ वाहते
आणि 'द एक्स फाइल्स'? विश्वास ठेवणारा मल्डर आणि पुरावा मागणारी डॉक्टर स्कली ही जोडी १९९३ साली आली. त्यानंतरच्या कितीतरी मालिकांनी तीच जोडी वेगळ्या नावांनी वापरली. तिचे कर्ते क्रिस कार्टर यांनी १९७४ च्या 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर'चे ऋण मोकळेपणाने मान्य केले, इतके की कोलचॅक साकारणाऱ्या डॅरेन मॅगॅव्हिन यांना त्यांनी पुढे आपल्या मालिकेत भूमिकाही दिली. परग्रहवासीयांच्या कटाची लांबण सोडून सुटे भाग पाहिले तर ती उत्तम टिकली आहे. कटाचे भाग मात्र आता सोसवत नाहीत.

रानजाई
मराठीतली 'रात्रीस खेळ चाले' राहिली. २०१६ सालचा पहिला भाग मला खरोखर आवडला होता, विशेषतः सुरुवातीचे काही आठवडे. वाड्यातला प्रत्येक जण काहीतरी लपवत आहे ही भावना त्यात पक्की होती आणि बोलीचा ठसकाही होता. २०१९ चा दुसरा भाग काळात मागे गेला आणि अण्णा नाईक जिवंत माणूस म्हणून समोर आले. तिथे भुताटकी बाजूला पडून अण्णा आणि शेवंता यांचीच मालिका झाली.

तिसरी घंटा
माझ्या मते दुसरा भाग अधिक सरस होता, आणि नेमक्या त्याच कारणासाठी. माधव अभ्यंकरांच्या अण्णांची जी दहशत वाटते ती जिवंतपणी वाटते. वाड्यात पुढे कोण का भटकणार आहे, याचे उत्तर तिथे मिळते. दैनंदिन मालिकेत रोज भूत दाखवून भागत नाही; आठवड्याभरात त्याची सवय होते. त्यापेक्षा जिवंत माणसाचा धाक अधिक काळ पुरतो.

उंबरठा (धागाकर्ता)
दैनंदिन मालिकेचा हा मुद्दा मला नवा आहे. 'ट्वायलाइट झोन'मध्ये दर आठवड्याला गोष्ट नवी असल्यामुळे सवयीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मधुमालती
वायरमनजींना एक प्रश्न आहे. काही जागी खरोखर अस्वस्थ वाटते त्याचे कारण कानांना न ऐकू येणारा ध्वनी असतो, असे एका माहितीपटात सांगितले होते. त्यात तथ्य किती?

वायरमन
ती गोष्ट विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याची. प्रयोगशाळेत रात्री एकट्याने काम करताना त्यांना घाम फुटला, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली आणि वळून पाहताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचे पाते दुरुस्तीसाठी शिकंज्यात पकडले, तर ते आपोआप थरथरू लागले. शोध घेतल्यावर नव्याने बसवलेला पंखा १९ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे कानांना न ऐकू येणारा ध्वनी निर्माण करीत असल्याचे आढळले. पंखा थांबवल्यावर प्रकार थांबला. १९९८ साली त्यांनी यावर सहलेखकासह लेख लिहिला आणि माहितीपटांना एक तयार उत्तर मिळाले.

परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. लंडनमधल्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या संशोधकांनी पुढे मुद्दाम एक खोली उभारली, तीत असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडण्याची सोय केली आणि ७९ जणांना एकेक करून आत पाठवले. २००९ मध्ये निष्कर्ष आले. पुष्कळांना विचित्र अनुभव आले, पण ध्वनी किंवा क्षेत्र चालू होते की बंद, याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. येथे काहीतरी जाणवू शकेल, अशी कल्पना त्यांना आधीच दिलेली होती. संशोधकांच्या मते खरे कारण बहुधा तेच असावे. तपासाच्या कार्यक्रमात निवेदक दारातच 'या खोलीत अनेकांना गुदमरल्यासारखे होते' असे सांगतो, तो याच कामाला असतो.

पारवा
आता माझे प्लंबरही सुटणार नाहीत असे दिसते.

घुबड
१९६९ पासून तपास करणारी 'स्कूबी-डू'ची टोळी तेवढी निर्दोष ठरते. मूळ मालिकेत बहुधा प्रत्येक भुताचा मुखवटा निघतो आणि आत कोणीतरी मालमत्तेवर डोळा असलेला भामटा सापडतो.

नवखा वाचक
धागा सुरुवातीपासून वाचत आहे. मी यांतले जवळजवळ काहीच पाहिलेले नाही आणि मला भीती लवकर वाटते. सुरुवात कशाने करावी?

मधुमालती
बीबीसीच्या २०१९ सालच्या 'घोस्ट्स'ने करा. वारसाहक्काने मिळालेल्या जुन्या हवेलीत एका तरुणीला पडल्यानंतर भुते दिसू लागतात, आणि भुते कसली, तर मानेत बाण अडकलेला बालवीरांचा शिक्षक, विजार नसलेला राजकारणी, स्वतःचे मुंडके सारखे हरवणारा सरदार. भूत झाल्यावर माणसाचा स्वभाव सुधारत नाही, एवढेच त्यातून कळते.

काजळरात्र
आणि धीर आला की 'घोस्टवॉच'. नवखा वाचक यांना ते काल्पनिक असल्याचे आता ठाऊक झाले, याचे मात्र वाईट वाटते. पुढे कोणाला सुचवायचे असेल तर आधी सांगावे की नाही?

उंबरठा (धागाकर्ता)
प्रौढांना सांगू नये, असे माझे मत आहे. सुरुवातीला लेखकाचे नाव येतेच. ज्याने ते वाचले नाही त्याने तक्रार करू नये.

तिसरी घंटा
बीबीसीनेही नेमका हाच विचार केला होता.

वायरमन
सांगावे. सांगितल्याने भीती कमी होत नाही, हे काजळरात्र यांनीच वर लिहिले आहे. आणि ज्याला शंका येईल त्याने शयनगृहाची ती चित्रफीत पुन्हा पाहताना आवाज बंद ठेवावा. खिडकीच्या पडद्याकडे आपली नजर कोणत्या क्षणी वळवली जाते ते लगेच कळते.

रानजाई
वायरमनजी, आता 'घोस्टवॉच'लाही हात लावू नका.